मंजूर घर आणि राहते घर

घरांच्या घोषणांची आपल्या देशाला आता सवय झाली आहे. १९९५ मध्ये महाराष्ट्रात सत्तांतर झाले, तेव्हा मुंबईतील ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याचे आश्वासन गाजले होते. २५ जून २०१५ रोजी केंद्र सरकारने शहरी भागासाठी प्रधानमंत्री आवास योजना सुरू केली आणि २०२२ पर्यंत 'सर्वांसाठी घर' असे उद्दिष्ट जाहीर केले. २०२२ साल आले आणि गेले. योजनेची मुदत आधी डिसेंबर २०२४ पर्यंत वाढली आणि अपुरी घरे पुरी करण्यासाठी पुढे आणखी वाढवावी लागली. दरम्यान सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला असून त्यात आणखी १ कोटी घरांचे उद्दिष्ट आहे.

घोषणा दिल्लीत होते, पण ती खरी झाली की नाही याचा हिशेब नगरपालिकेच्या कचेरीत लिहिला जातो. तेथे बसलेला अभियंता आणि त्याच्या हाताखालचा कारकून जी संख्या भरतात, ती राज्यात जाते, राज्यातून दिल्लीला जाते आणि शेवटी संसदेत वाचून दाखवली जाते. म्हणूनच नगरपालिका घरे कशी मोजते, हे समजून घेणे कामगार चळवळीला आवश्यक आहे, असे आम्हाला वाटते. या अंकात आम्ही त्याच विषयावर लिहीत आहोत.

आपला काय संबंध?

कोणी म्हणेल, आपण रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी करणारी माणसे. आपल्याला क्वार्टर आहे, नाही तर घरभाडे भत्ता आहे. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यानंतर जानेवारी २०२४ पासून शहराच्या वर्गाप्रमाणे ३०, २० आणि १० टक्के दराने तो मिळू लागला. सातव्या वेतन आयोगानंतर घरबांधणी अग्रिमाची मर्यादाही २५ लाखांपर्यंत गेली. मग नगरपालिकेच्या यादीत डोके घालायचे कशाला?

हे म्हणणे अर्धेच खरे आहे. सातव्या वेतन आयोगाने अगदी खालच्या पायरीवरच्या कामगाराला १८,००० रुपये मूळ वेतन दिले. त्यावर महागाई भत्ता धरला की वर्षाचे उत्पन्न ३ लाखांच्या वर जाते. योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठी किंवा प्रकल्पातील स्वस्त घरासाठी जे अनुदान मिळते, ते ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबालाच मिळते. म्हणजे आपला कायम कामगार त्यातून बाहेर राहतो. दुसऱ्या टप्प्यात ९ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांसाठी गृहकर्जाच्या व्याजावर सवलत आहे. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान मिळते आणि ते जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांपर्यंत जाते. पण अट अशी की, कुटुंबाच्या नावे देशात कोठेही पक्के घर नसावे. इटारसीला किंवा सिकंदराबादला नोकरी करणाऱ्या आपल्या सभासदाच्या नावे गावाकडे वडिलोपार्जित पक्के घर असेल, तर त्याचा अर्ज तेथेच अडतो.

परंतु आपल्याच फलाटावर झाडू मारणारा कंत्राटी सफाई कामगार, डबे धुणारी बाई, पार्सल उचलणारा हमाल आणि टपाल कचेरीत रोजंदारीवर काम करणारा तरुण हे सगळे त्या ३ लाखांच्या आतले आहेत. निवृत्तीनंतर काही महिन्यांत क्वार्टर रिकामे करून कोठे जायचे, ही चिंता आपल्यातल्या अनेकांची आहे. खाजगी कारखान्यात दहा-बारा हजारांवर राबणारी मुले तर आपलीच आहेत. २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने शहरी घरांचा तुटवडा १ कोटी ८७ लाख ८० हजार इतका ठरवला होता. त्यातील सुमारे ८० टक्के कुटुंबे रस्त्यावर राहणारी नव्हती. त्यांना छप्पर होते, पण एका खोलीत दोन-दोन संसार होते. एका खोलीत दोन संसार म्हणजे काय, हे रेल्वे कॉलनीत आयुष्य काढलेल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आकडा कसा तयार होतो

योजनेच्या नियमाप्रमाणे नगरपालिकेने प्रथम मागणी सर्वेक्षण करायचे असते. शहरात किती कुटुंबांना घर नाही, कोणाचे घर कच्चे आहे, कोणाकडे जागा आहे आणि कोणाकडे नाही, याची यादी करून त्यावरून 'सर्वांसाठी घरे' कृती आराखडा तयार होतो. आराखड्यातून प्रकल्प अहवाल निघतात. ते राज्याच्या मंजुरी समितीकडे जातात आणि तेथून केंद्राच्या समितीकडे. केंद्राची मंजुरी मिळाली की ते घर 'मंजूर' म्हणून नोंदवले जाते. लक्षात घ्या, या क्षणी एक वीटही जागची हललेली नसते.

पुढे काम सुरू झाले की ते घर 'काम सुरू' या रकान्यात येते. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्या लाभार्थ्याच्या घराचे टप्प्याटप्प्याने छायाचित्र घेतले जाते. काम सुरू नाही, पाया, लिंटेल, छप्पर आणि पूर्ण असे ते पाच टप्पे आहेत. छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. यालाच जिओ-टॅगिंग म्हणतात. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या 'भुवन' या नकाशावर ते घर ठिपक्याच्या रूपाने दिसते. केंद्राच्या अनुदानाचे हप्ते ४०, ४० आणि २० टक्के असे राज्याकडे येतात आणि पुढचा हप्ता मागच्या प्रगतीवर अवलंबून असतो. महाराष्ट्रात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे १ लाख मिळून अडीच लाख रुपये अशा घराला मिळतात.

ही पद्धत वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पूर्वी कागदावर घरे बांधली जात आणि कागदावरच पडत. आता निदान जागेवर जाऊन छायाचित्र घ्यावे लागते, ठेकेदाराला एकच भिंत दोन ठिकाणी दाखवणे अवघड जाते. ही सुधारणा आहे आणि ती मान्य केली पाहिजे. परंतु छायाचित्रात भिंत दिसते, नळ कोरडा आहे की नाही ते दिसत नाही. स्लॅब दिसतो, पण तो टाकण्यासाठी सावकाराकडून काढलेले कर्ज दिसत नाही. जुने कच्चे घर पाडून कुटुंब भाड्याच्या खोलीत गेले, हप्ता अडकला आणि भाडे मात्र दर महिन्याला भरावे लागले, याची नोंद पाच टप्प्यांपैकी कोणत्याही टप्प्यात होत नाही. नगरपालिकेच्या तक्त्यात ते घर महिनोन्महिने 'लिंटेल' या एका शब्दात उभे असते.

आणखी एक गोष्ट सभासदांनी ध्यानात घ्यावी. योजनेच्या पहिल्या टप्प्यात मंजूर झालेल्या घरांपैकी सुमारे २५ लाख घरे ही बँकेचे कर्ज काढून घेतलेली आणि व्याजात सवलत मिळालेली घरे आहेत. आपल्यातील पुष्कळांनी ती सवलत घेतली आणि ती योग्यच होती. पण ते घर बिल्डरने बांधले, कर्ज बँकेने दिले आणि हप्ते आपण भरत आहोत. नगरपालिकेने त्यासाठी ना जमीन दिली, ना पाइप टाकला. तरीही देशाच्या एकूण संख्येत ते घर झोपडीवासीयाच्या घराशेजारी जाऊन बसते. दोन्ही घरांची बेरीज करून एकच आकडा सांगितला, की गरिबांसाठी प्रत्यक्षात किती घरे उभी राहिली हे समजत नाही.

छेद लहान, टक्केवारी मोठी

शाळेत आपण अपूर्णांक शिकलो. वर अंश, खाली छेद. अंश तसाच ठेवून छेद लहान केला की उत्तर मोठे येते. घरांच्या हिशेबातही हेच घडते.

समजा, एका शहराच्या सर्वेक्षणात १,००० कुटुंबांना घराची गरज आहे असे दिसले. त्यापैकी ६०० घरे मंजूर झाली आणि २४० पूर्ण झाली. गरजेच्या तुलनेत प्रगती २४ टक्के आहे. पण नगरपालिका मंजूर घरांच्या तुलनेत सांगते, म्हणून ती ४० टक्के होते. पुढे ज्या २०० घरांचे कामच सुरू झाले नाही, ती यादीतून काढून टाकली. आता मंजूर घरे राहिली ४०० आणि प्रगती झाली ६० टक्के. एकही नवी वीट न लावता काम ४० वरून ६० टक्क्यांवर गेले. ज्यांची नावे कापली गेली ती २०० कुटुंबे मात्र आहेत तेथेच आहेत.

हे उदाहरण आम्ही कल्पनेने दिले असले, तरी त्यामागची गोष्ट काल्पनिक नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये योजनेला मुदतवाढ देताना मंजूर घरांची संख्या १ कोटी २२ लाखांच्या वर होती. ऑगस्ट २०२४ मध्ये दुसऱ्या टप्प्याला मंजुरी देताना ती १ कोटी १८ लाख सांगण्यात आली आणि ८५ लाख ५० हजारांहून अधिक घरे पूर्ण झाल्याचे सांगण्यात आले. मधल्या काळात सुरू न झालेली घरे वगळण्यात आली होती. त्याच्याही मागे जायचे तर २०१५ मध्ये २ कोटी घरांची भाषा होती आणि नंतर मागणीचा आकडा १ कोटी १२ लाखांवर स्थिरावला. ८५ लाख घरे उभी राहणे ही लहान गोष्ट नाही आणि त्या घरांत राहायला गेलेल्या माणसांच्या आनंदात आम्ही सहभागी आहोत. आमचे म्हणणे इतकेच की, प्रगती मोजताना पहिल्या दिवशी ठरवलेला छेद शेवटपर्यंत दाखवला पाहिजे. नाव वगळायचे असेल तर ते का वगळले, हे लिहिले पाहिजे. कोणाला जागेची कागदपत्रे मिळाली नाहीत, कोणाला स्वतःच्या वाट्याचे पैसे उभे करता आले नाहीत, कोणी शहर सोडून गेले. प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे. कारणच लिहिले नाही तर उपाय कोण शोधणार?

कुलूपबंद घरे

'पूर्ण' या शब्दानंतरही हिशेब संपत नाही. २००५ पासून जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेखाली अनेक शहरांत गरिबांसाठी चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. त्या कागदोपत्री पूर्ण होत्या. पण २०२० मध्ये केंद्र सरकारने स्थलांतरित कामगारांसाठी भाड्याच्या घरांची योजना आणली, तेव्हा सरकारी पैशांतून बांधलेली सुमारे १ लाख ८ हजार घरे रिकामी पडून असल्याचे सरकारनेच सांगितले. ती घरे कामगारांना भाड्याने द्यावयाची होती. त्यापैकी काही हजारच प्रत्यक्ष त्या कामी आली. ज्या वर्षी लाखो मजूर रेल्वे रुळांच्या कडेने चालत गावी गेले, त्याच वर्षी ही घरे कुलपात होती, हे आपण विसरता कामा नये.

घरे रिकामी का राहतात याची कारणे गूढ नाहीत. शहराबाहेर पाच-सात मैलांवर स्वस्त जमीन मिळते, म्हणून तेथे इमारत बांधली जाते. तेथे बस जात नाही. पाण्याची टाकी बांधली जाते, पण मुख्य जलवाहिनीला जोडली जात नाही. सांडपाणी कोठे सोडायचे ते ठरलेले नसते. घरकाम करणाऱ्या बाईला रोज दोन वेळा जाण्यायेण्याला मजुरीचा तिसरा हिस्सा लागणार असेल, तर ती नाल्याकाठच्या झोपडीतच राहणार. तिला नावे ठेवणाऱ्यांनी आधी तिच्या प्रवासाचा हिशेब करावा. संसदेच्या स्थायी समितीनेही पूर्ण झालेल्या पण ताबा न घेतलेल्या घरांबद्दल चिंता व्यक्त केली आहे. नगरपालिकेच्या तक्त्यात मात्र 'पूर्ण' या रकान्यानंतर दुसरा रकाना क्वचितच असतो.

रेल्वे आणि टपाल खात्याची शिस्त

या बाबतीत आपल्या दोन्ही खात्यांची जुनी शिस्त नगरपालिकांनी शिकण्यासारखी आहे.

रेल्वेत नवा मार्ग टाकला, खडी टाकली, स्लीपर बसवले, सिग्नल उभे केले, तरी त्यावरून प्रवासी गाडी चालवता येत नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात, ट्रॉलीवरून मार्ग पाहतात, पूल आणि सांधे तपासतात आणि ते मान्यता देतात तेव्हाच मार्ग खुला होतो. हे आयुक्त रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नसतात. त्यांचे कार्यालय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवलेले आहे. ज्याने बांधले त्यानेच पास करायचे नाही, हा त्यामागचा विचार आहे आणि तो अनेक अपघातांच्या अनुभवातून आलेला आहे. घराच्या बाबतीत बांधून घेणारी नगरपालिका, मोजणारी नगरपालिका आणि 'पूर्ण' असा शेरा मारणारीही नगरपालिकाच. त्रयस्थ संस्थेकडून गुणवत्ता तपासणी आणि सामाजिक लेखापरीक्षण यांची तरतूद नियमांत आहे. पण तुमच्या शहरात ते झाले का, कधी झाले आणि त्याचा अहवाल कोणी वाचला, हे विचारून पाहा.

दुसरी शिस्त कंट्रोल ऑफिसची. गाडी उशिरा पोहोचली तर नुसते 'उशीर' असे लिहून भागत नाही. कोणत्या सेक्शनमध्ये किती मिनिटे अडकली आणि कशामुळे, हे लिहावे लागते. इंजिन बिघडले, सिग्नल मिळाला नाही, की पुढे मालगाडी उभी होती, याचा जाब ज्या त्या विभागाला द्यावा लागतो. घराच्या फाइलची अशी नोंद कोठे आहे? भूमी अभिलेख कार्यालयात किती दिवस, नगररचनेच्या टेबलावर किती दिवस, बँक खात्याच्या चुकीमुळे किती दिवस, हे प्रत्येक घराबाबत लिहिले तर दोष लाभार्थ्याच्या माथी मारणे तितके सोपे राहणार नाही.

तिसरी शिस्त पोस्टमनची. जुन्या मनीऑर्डरच्या काळात पैसे स्वीकारले म्हणजे काम झाले, असे टपाल खाते कधी म्हणाले नाही. पैसे हातात पडून घेणाऱ्याची सही किंवा अंगठा झाला आणि ती पोहोच पाठवणाऱ्याकडे परत आली, म्हणजे काम पुरे. पत्र देता आले नाही तर 'घर बंद', 'पत्ता सोडून गेले' असे कारण लिहिल्याशिवाय ते परत जात नसे. मंजुरी म्हणजे मनीऑर्डर स्वीकारल्याची पावती. घर पूर्ण झाले म्हणजे ती मुक्कामाच्या पोस्टात पोहोचली. कुटुंब राहायला गेले, नळाला पाणी आले आणि दिवा लागला, म्हणजे पोहोच सही होऊन परत आली. घरांच्या हिशेबात ही शेवटची पोहोच मोजली गेली पाहिजे, हे आमचे मुख्य म्हणणे आहे.

यादीबाहेरची माणसे

जो यादीतच नाही, त्याची प्रगती मोजली जात नाही. स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठी जागेचा कागद लागतो. महाराष्ट्रात सातबारा किंवा मालमत्ता पत्रक लागते. तीस वर्षे एकाच जागी राहिलेल्या माणसाकडे घरपट्टीची पावती असते, मतदार ओळखपत्र असते, पण जमिनीचा कागद नसतो. काही राज्यांनी याचा मार्ग आधीच काढला. मध्य प्रदेशात १९८४ च्या कायद्याने शहरातील भूमिहीनांना पट्टे देण्याची सोय झाली. ओडिशाने २०१७ मध्ये लहान शहरांतील झोपडीवासीयांना जमिनीचा हक्क देणारा कायदा केला. आधी जमीन, मग घराचे अनुदान, असा तो क्रम आहे आणि तोच बरोबर आहे.

रेल्वेच्या जमिनीवर राहणाऱ्यांचा प्रश्न आपल्याला अवघड वाटतो, पण तो टाळून चालणार नाही. रुळालगतच्या झोपड्या हा गाडी चालवणाऱ्या आणि रूळ सांभाळणाऱ्या कामगारासाठीही रोजचा धोका आहे. रेल्वेला नव्या मार्गासाठी जमीन हवी असते, हेही खरे. पण त्या झोपड्यांत राहणारी माणसे बहुधा आपल्याच स्टेशनवर राबणारी असतात. डिसेंबर २०२१ मध्ये सुरत आणि फरिदाबाद येथील रेल्वे जमिनीवरील झोपड्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पात्र कुटुंबांना सहा महिने दरमहा २,००० रुपये देण्याचे आणि आवास योजनेत त्यांचा विचार करण्याचे आदेश दिले होते. मुद्दा असा की, नगरपालिकेच्या हिशेबात केवळ बेरीज असते, वजाबाकी नसते. एखाद्या शहरात ३०० झोपड्या पाडल्या आणि २०० घरे बांधली, तर अहवालात २०० घरांची भर पडते. शंभर कुटुंबे उघड्यावर आली, हे कोठेच दिसत नाही. पाडलेल्या घरांचा रकाना हवाच.

सोलापूर आणि गिरणगाव

कामगारांनी स्वतःची यादी स्वतः ठेवली तर काय होते, याचे उदाहरण आपल्याजवळच आहे. सोलापूरच्या विडी कामगार महिलांनी संघटनेच्या बळावर कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत उभी केली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. त्यानंतर विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्प हाती घेण्यात आला. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षे मोर्चे आणि पाठपुरावा झाला. जानेवारी २०१९ मध्ये पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी १५ हजार घरांचा ताबा देण्याचा कार्यक्रम पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाला. सरकारे बदलली, पक्ष बदलले, पण सभासदांची यादी संघटनेच्या हातात होती. कोणाचे नाव आहे, कोणाचे गळले, किती घरे झाली आणि किती बाकी आहेत, हे विचारणारे हजारो लोक रस्त्यावर येऊ शकत होते. म्हणून हिशेब चालू राहिला.

याउलट मुंबईच्या गिरणी कामगारांकडे पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. गिरण्या बंद पडल्या. त्यांच्या जमिनींवर टोलेजंग इमारती झाल्या. जमिनीच्या वाटणीचे सूत्र २००१ मध्ये बदलले आणि कामगारांच्या घरांसाठी उरणारा वाटा आक्रसला. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे होती. अर्ज करणारे कामगार आणि वारस मात्र दीड लाखाहून अधिक आहेत. येथेही सोडत निघाली की बातमी येते, पण सोडतीत नाव लागल्यापासून किल्ली हातात पडेपर्यंत किती वर्षे गेली आणि त्या काळात किती कामगार वारले, हे कोणी मोजत नाही. या कामगारांनी संघर्ष केला नाही असे नाही. त्यांच्या संघटनांनी जिद्दीने लढा दिला, म्हणूनच जे मिळाले ते मिळाले. पण जमीन हातची गेली की यादी कितीही मोठी असली तरी घर देण्याला जागा उरत नाही, हा गिरणगावचा कडवा अनुभव आहे.

आता आपण काय करावे

आमच्या सर्व शाखांना आणि परप्रांतात काम करणाऱ्या मराठी सभासदांना आमची विनंती आहे की, त्यांनी आपल्या शहराच्या नगरपालिकेकडे पुढील मागण्या कराव्यात.

एक, प्रत्येक प्रभागाचा तक्ता कचेरीबाहेर सर्वांना दिसेल असा लावावा. त्यात गरजू कुटुंबे, पात्र ठरलेली, मंजूर, सुरू, पूर्ण आणि राहायला गेलेली अशी वेगवेगळी संख्या असावी. टक्केवारी काढताना पहिल्या सर्वेक्षणातील गरज हाच छेद धरावा.

दोन, पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी झाल्याशिवाय घर 'पूर्ण' म्हणून धरू नये.

तीन, वगळलेल्या प्रत्येक नावापुढे कारण लिहावे आणि तसे त्या कुटुंबाला लेखी कळवावे.

चार, पाडलेल्या घरांची संख्या त्याच तक्त्यात दाखवावी.

पाच, बँकेच्या व्याज सवलतीची घरे, स्वतःच्या जागेवरील घरे आणि नगरपालिकेच्या प्रकल्पातील घरे वेगळी दाखवावीत.

सहा, वर्षातून एकदा लाभार्थी, कामगार संघटना आणि प्रभागातील नागरिक यांच्यासमोर या तक्त्याचे जाहीर वाचन व्हावे.

यापैकी बरीचशी माहिती देणे नगरपालिकेवर आजही बंधनकारक आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील चौथ्या कलमानुसार अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हा तपशील कोणी न मागताही प्रसिद्ध करायचा आहे. तो प्रसिद्ध केला नसेल तर अर्ज करावा. उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे. हा अर्ज नागरिक म्हणून करता येतो आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

त्याबरोबर प्रत्येक शाखेने एक साधी वही घालावी. आपल्या स्टेशनवर आणि टपाल कचेरीत काम करणारे कंत्राटी कामगार किती, त्यांच्यापैकी भाड्याने किती राहतात, कोणी अर्ज केला, कोणत्या तारखेला केला आणि तो कोठे अडला, एवढेच त्यात लिहावे. हे काम एका रविवारी होण्यासारखे आहे. कंत्राटी कामगार आपल्या संघटनेचा सभासद नाही म्हणून त्याचे नाव लिहायचे राहू देऊ नये. आज त्याच्या घराचा प्रश्न आपण हाती घेतला, तर उद्या वेतनाच्या लढ्यात तो आपल्या बाजूने उभा राहील. वही पुरी झाली की तिची नक्कल आमच्याकडे पाठवावी, मराठीत किंवा हिंदीत. भुसावळ, नागपूर, झाशी, हुबळी, वडोदरा, जेथून जेथून ती येईल, तेथील हिशेब आम्ही या पानांवर छापू आणि नगरपालिकेच्या तक्त्याशेजारी ठेवू. दोन हिशेब जुळले तर नगरपालिकेचे अभिनंदन करू. जुळले नाहीत तर त्या दोन आकड्यांतला फरक घेऊन मुख्याधिकाऱ्याच्या टेबलासमोर बसू.